खरा झगा, खोटं तोंड

मी कागद बोलतोय. माझ्यावर छापलेली बाई नव्हे. तिचा आवाज कसा आहे ते मला माहीत नाही. माझ्या तळाशी एक ओळ आहे, ती तिच्या तोंडची म्हणून छापलीय, पण ती तिची नाही. त्या ओळीत काय आहे ते पुढे येईलच. ज्या घरात मी आत्ता आहे तिथेही ते उशिराच कळलं.

हे घर डार्मश्टाटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. दारातून आत आलं की समोरच एक खिळा आहे, त्यावर मी आहे. पण तुम्ही आलात तर मी दिसणार नाही. का, ते क्रमानं सांगतो. मला क्रमाची फार आवड आहे असं नाही, पण ज्यांना आहे त्यांच्या देशात माझा जन्म झाला.

दीडशे वर्षं तर होऊन गेलीच. दक्षिणेकडच्या एका शहरात एक विनोदी साप्ताहिक निघायचं, लोक ते कॉफी पीत वाचायचे. तेव्हा बायकांचे झगे फुगत चालले होते. आत पोलादी कड्यांचा पिंजरा आणि वर झालरीवर झालर. बाई दारातून आत यायची ती आडवी होऊन. ह्यावर हसणं सोपं होतं आणि हसून झालंही होतं. मग चित्रकाराला नवीन काहीतरी हवं होतं. त्यानं तोच झगा एका काळ्या बाईच्या अंगावर घातला आणि तिला आरशासमोर उभं केलं. झालं. तिनं तो घातला, एवढाच विनोद.

त्याच्या टेबलावर एका बाजूला पॅरिसच्या फॅशनचं मासिक उघडं होतं. झगा त्यानं त्यातून घेतला. एकेक चुणी, एकेक फीत, कंबरेवरची गाठसुद्धा. दुसऱ्या बाजूला कुणा परक्या चित्रकाराचं व्यंगचित्र होतं, तोंड त्यातून उचललं. बटबटीत डोळे, जाडजूड ओठ, सगळं तयारच होतं. अशी कुठलीही बाई त्यानं स्वतः पाहिली नव्हती. ज्याच्या चित्रावरून त्यानं काढलं, त्यानंही बहुधा नव्हती. तेव्हा झगा खरा आहे आणि तोंड खोटं. मग कुणीतरी ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरलं, शाई लावली आणि माझ्यावर दाबलं. मला दुखलं का? नाही आठवत. कागदावर जे दाबतात ते कागद घेतो.

पुढची बरीच वर्षं मी बांधलेल्या अंकांमध्ये पडून होतो. मग कुणीतरी मला कात्रीनं कापून काढलं आणि फ्रेम केली. एका वकिलाच्या सिगार ओढायच्या खोलीत राहिलो. युद्धात तळघरात. युद्धानंतर वकिलाच्या मुलीकडे गेलो, आणि तिनं मला पाहुण्यांच्या संडासात लावलं. ह्यात अपमान मानू नका. इथे विनोदी चित्रं तिथेच लावतात, म्हणजे पाहुण्याचा वेळ बरा जातो. सुरुवातीला बंद दाराआडून हसू ऐकू यायचं. मग ते हळूहळू कमी झालं. पाहुणे हात धुऊन नुसतेच बाहेर पडू लागले. एका नाताळात तिच्या नातीनं विचारलं, "ओमा, हे अजून इथे कशाला?" ओमा, म्हणजे आजी, म्हणाली, ते नेहमी तिथेच असतं. नेहमी असणं हे ह्या देशात बऱ्यापैकी सबळ कारण आहे. तरी संध्याकाळी तिनं मला उतरवलं आणि तळघरात भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

तिथली वर्षं वाईट नव्हती. ओल होती, एवढंच.

ओमा गेली तेव्हा घरच्यांनी तिचं सामान खोक्यांत भरून फुटपाथवर ठेवलं. त्यावर 'त्सू फरशेंकन' असं लिहिलं होतं. म्हणजे हवं त्यानं फुकट न्यावं. मला कुणी नेईल असं वाटलं नव्हतं. कपबश्या गेल्या, दिवा गेला, केक भाजायचं भांडं गेलं. मग एक बाबागाडी थांबली. ती ढकलत होत्या यमुनाबाई, पुण्याहून नातीसाठी आलेल्या. अंगात लोकरी कोट, त्याच्याखाली साडी, पायात मोजे आणि सँडल.

यमुनाबाईंचा मुलगा चारुदत्त इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सून विभावरीही तसल्याच कामात, पण बाळ झाल्यापासून रजेवर. बाळाचं नाव ईप्सिता. ईप्सिताला एक सर्दी गेली की दुसरी यायची, मध्ये थोडा खोकला. डॉक्टर म्हणायचे, हिवाळा आहे. यमुनाबाई म्हणायच्या, दृष्ट आहे. त्यांच्याकडे नव्या घराला, नव्या गाडीला काळी बाहुली टांगतात. काळीकुट्ट, मोठ्या डोळ्यांची. येणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडावी आणि तिथेच विझावी, घरातल्यांपर्यंत पोचू नये. बॅगेत डिंकाचे लाडू होते, लोणचं होतं, बाळाचे झबले-टोपडे होते. बाहुली मात्र राहून गेली होती.

त्यांनी मला खोक्यातून काढलं. आधी झगाच बघितला. झालर किती बारीक काढलीय, असं बाळाला सांगितलं. मग तोंड बघितलं. आणि त्यांना हवं होतं ते सापडलं.

घरी ह्या विषयावर आधीच एकदा बोलणं झालेलं होतं. यमुनाबाईंना दाराला लिंबू-मिरची बांधायची होती, तेव्हा चारुदत्त म्हणाला होता, "आई, लिंबू-मिरची लावलीस तर हाउसफेरवाल्टुंग आपल्यालाच दाराला टांगेल." हाउसफेरवाल्टुंग म्हणजे इमारतीचा कारभार पाहणारं ऑफिस, जिन्यात छत्री वाळत टाकली तरी पत्र पाठवणारं. आता मात्र त्याला काही बोलता येईना. मी फ्रेममध्ये होतो, काचेआड होतो आणि जर्मन होतो. तक्रार कुणी करायची?

विभावरी खांद्यावर बाळ घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिला काहीतरी खटकलं, मला ते काचेतून दिसलं. ती शिकलेली आहे, असल्या चित्रांबद्दल तिनं कुठेतरी वाचलं असणार. पण खटकलेल्या गोष्टीचं पुढे काहीतरी करायचं तर आधी झोप झालेली असावी लागते.

"आई, हे जरा..." ती म्हणाली.

"जरा काय?"

"काही नाही. सरळ लागलंय ना, ते बघत होते."

त्या रात्री ईप्सिता सलग झोपली. दात वर आला होता, दुसरं काही नाही. श्रेय मला मिळालं.

मग यमुनाबाईंचा व्हिसा संपला आणि त्या परत गेल्या. आता मला काढता आलं असतं. विभावरी दृष्ट-बिष्ट मानत नाही. स्वयंपाकघरात तिनं चारुदत्तला तसं सांगितलंही.

"मग काढ की," तो म्हणाला.

"मानत नाही म्हणून मुद्दाम काढायचं कशाला?"

काही आठवड्यांनी मी त्यांना दिसेनासाच झालो. रोज समोर असलेल्या वस्तूचं तसंच होतं. माझ्याखाली त्यांनी किल्ल्यांसाठी हुक लावला.

ह्या घरातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, तिचा माझ्याशी संबंध आहे की नाही ते तुम्ही ठरवा. ईप्सिता सावळी आहे. आईवर गेलीय. हे कुणी वाईट बोलून दाखवत नाही. व्हिडिओ कॉलवर शिरीषमामा म्हणतो, "ताई, लाइट लाव गं, नीट दिसत नाहीये." लाइट लावलेलाच असतो. यमुनाबाई जाताना डाळीचं पीठ आणि साय कशी कालवायची ते शिकवून गेल्या, रोज अंघोळीआधी लाव म्हणाल्या. उन्हात फार नको नेऊस, असंही म्हणाल्या आणि पुढचं वाक्य गिळलं. विभावरीला ते गिळलेलं वाक्य पाठ आहे. तिचं लग्न ठरत होतं तेव्हा तिच्याबद्दल 'सावळी असली तरी स्मार्ट आहे' असं म्हणत, आणि त्या 'तरी'चा तिला राग यायचा. ती पीठ लावते मात्र रोज. आणि गालावर काजळाची तीट, म्हणजे कुणाची नजर नको. एका हातानं रंग उजळायचा, दुसऱ्या हातानं काळा ठिपका लावायचा. मी समोरून बघायचो. मत काही नव्हतं.

रजा संपत आली. पाळणाघरात जागा नव्हती, ह्या गावात ती मूल जन्मायच्या आधी मागावी लागते. राहिली एकच वाट, टागेसमुटर. म्हणजे स्वतःच्या घरी चार-पाच मुलं सांभाळणारी बाई. आसपासच्या सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, अबेना. तिच्याकडची एक जागा रिकामी होणार होती आणि त्यावर तीन आयांचा डोळा होता. जागा मिळाली नाही तर विभावरीला कामावर परत जाता येणार नव्हतं. वर्षभर ती घरात होती. आपल्याला अजून काही येतं का, ह्याची तिला खात्री वाटत नव्हती आणि ती करून घ्यायची तिला घाई झाली होती.

अबेनाची एक पद्धत होती. मूल घ्यायच्या आधी ती एकदा त्याच्या घरी जायची. ते कुठे झोपतं, रडलं की कोण उठतं, ते तिला बघायचं असायचं.

त्या दुपारी विभावरीनं घर आवरलं. फोडणीचा वास जावा म्हणून खिडक्या सताड उघडल्या. कपड्यांचा ढीग कपाटात कोंबला. फरशी दोनदा पुसली. माझ्यावरची धूळसुद्धा पुसली. फडकं तोंडावरून, झग्यावरून फिरवलं आणि पुढे गेली. तेव्हाही मी तिला दिसलो नाही.

अबेना आली. पन्नाशीची, उंच, केसांना पिवळा रुमाल. जवळच्याच ओफनबाख गावची. वडील घानाचे, आई इथलीच. तिनं पिशवीतून स्वतःच्या सपाता काढल्या, बूट काढायला वाकली, सरळ झाली आणि तिच्यासमोर मी.

"आल्झो," ती म्हणाली. म्हणजे, बरं तर.

विभावरीनं तिच्या नजरेच्या रोखानं मागे वळून बघितलं आणि ती थिजली. इतक्या महिन्यांनी मी तिला पुन्हा दिसलो. बहुधा आधी कधीच दिसलो नव्हतो इतका.

"खालचं वाचलंय तुम्ही?" अबेनानं विचारलं.

"जुनी अक्षरं आहेत. आम्हाला लागत नाहीत."

अबेनाला लागत होती. तिच्या आजीची प्रार्थनेची पुस्तकं तशाच अक्षरांत होती. तिनं चष्मा लावला आणि बसथांब्यांची नावं वाचावीत तसं वाचलं, "झगा तर आला पॅरिसहून. आता त्याला शोभेलसं तोंड कुठून मागवू?"

बाहेर ट्राम गेली.

"इथे दारासमोर का लावलंय?"

विभावरीकडे उत्तरं होती. रस्त्यावर सापडलं, सासूबाईंनी लावलं, आम्हाला माहीत नव्हतं. सगळी खरीच होती. पण ती घाबरली की खोलातलं खरं बोलते, तो तिचा दोष आहे. ती अडखळत म्हणाली, आमच्याकडे असं मानतात की बाळाला लोकांची नजर लागते, म्हणून दारात काहीतरी लावतात, बघणाऱ्याची नजर त्याच्यावरच अडावी असं काहीतरी... आणि पुढच्या शब्दासाठी तिनं जर्मन शोधलं. नेमका तो शब्द तिला येत होता.

"कुरूप," ती म्हणाली.

आणि मग तिला स्वतःलाच तो ऐकू आला.

अबेनानं चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला. "मग? उपयोग होतो का?"

"सर्दी होतेच," विभावरी म्हणाली.

अबेना हसल्यासारखी दिसली, पण ते हसू होतं असं मी म्हणणार नाही. मला हसण्याची सवय आहे, मला कळतं.

तेवढ्यात ईप्सिता उठली. विभावरीनं तिला बाहेर आणलं. अबेनानं हात पुढे केले आणि बाळ गेलं, रडलं नाही, थेट पिवळ्या रुमालाला लटकलं. गालावरच्या ठिपक्याबद्दल अबेनानं विचारलं नाही, ते आता तिला कळलं होतं. कानामागे वाळून राहिलेलं डाळीचं पीठ तिनं नखानं हळूच खरवडलं आणि त्याबद्दल विचारलं.

"त्वचा मऊ राहते त्यानं," विभावरी म्हणाली.

"हं. माझी आजी लिंबू चोळायची. कोपरांना, गुडघ्यांना. इथली आजी, आईची आई." तिनं पीठ बोटांत चुरडलं. "फार जीव होता तिचा माझ्यावर."

अबेनानं झोपायची खोली बघितली, पाणी प्यायली, सोमवारी कळवते म्हणाली. बूट घालताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, बोलली मात्र माझ्याबद्दलच.

"घर तुमचं आहे, मी काढा म्हणणार नाही. पण ही रोज सकाळी ह्याच्यासमोरून निघेल. आणि मग माझं तोंड बघेल."

दार लागलं. विभावरीनं मला लगेच उतरवलं. संध्याकाळी चारुदत्त म्हणाला, टाक ना रद्दीत. ती म्हणाली, असं टाकता येत नाही, काच वेगळी, लाकूड वेगळं, कागद निळ्या डब्यात. शनिवारी करू. अबेनाकडची जागा आता मिळत नाही, असं ती म्हणाली, आणि तो म्हणाला, बघू. मी कपाट आणि भिंतीच्या मधे गेलो. ती जागा मला ओळखीची होती.

शनिवारी सकाळी ईप्सिताला ताप आला.

चारुदत्त औषध आणायला गेला. विभावरी खांद्यावर तापलेलं बाळ घेऊन घरात फेऱ्या मारत होती. दाराजवळ आली की खिळ्याकडे बघायची. तिसऱ्या का चौथ्या फेरीला तिनं मला कपाटामागून ओढून काढलं आणि खिळ्यासमोर येऊन उभी राहिली. एका हातात बाळ, एका हातात मी. मी खिळ्यापासून इतका जवळ होतो की त्याचा गंज दिसत होता. काचेत त्या दोघींचं प्रतिबिंब पडलं होतं, झग्याच्या बरोबर वर. बाळानं डोळे अर्धवट उघडले, काचेत काहीतरी दिसलं म्हणून आनंदलं आणि बोट दाखवलं. स्वतःलाच दाखवत होतं ते. पण बोट जिथे टेकलं तिथे छापलेलं तोंड होतं.

विभावरी खाली बसली. जमिनीवरच. मग बाळाला मांडीत घेऊन तिनं फ्रेमच्या मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, वाकवल्या, पुठ्ठा काढला आणि मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांत मला हवा लागली नव्हती. पुस्तकांच्या फळीवरून तिनं ईप्सिताचा एक फोटो घेतला. बाल्कनीतला, उन्हातला, सगळ्या हिरड्या दाखवणारा. यमुनाबाईंना तो आवडला नव्हता, काळपट आलाय म्हणाल्या होत्या. तिनं तो काचेमागे बसवला. फोटो पातळ होता, पुठ्ठा ओलीनं खाल्लेला. फोटो हलत होता.

तिनं माझ्याकडे बघितलं. बाळाच्या कपाळाला हात लावला. पुन्हा माझ्याकडे बघितलं.

आणि मला फोटोच्या मागे सरकवलं.

फोटो नीट बसावा म्हणून, असं ती पुटपुटली. बाळाला सांगत होती की मला, कळलं नाही. मला ते पटलं नाही, पण मला विचारतं कोण. चुका परत वाकवल्या, फ्रेम खिळ्यावर गेली. ताप रविवारी उतरला. तो उतरणारच होता.

तेव्हापासून मी अंधारात आहे, बाळाच्या फोटोच्या पाठीला तोंड लावून. दिसत नाही, ऐकू येतं. यमुनाबाईंनी व्हिडिओ कॉलवर फ्रेम बघितली तेही ऐकलं.

"अगं विभावरी, लेकराचा फोटो दारासमोर? आल्यागेल्याची नजर पडेल."

"पडू दे, आई. तिला बघायलाच येतात लोक."

"आणि तोच लावलास? जरा काळपट आलाय गं."

"तशीच आहे ती." थोडं थांबून, "अहो आई, तशीच आहे ती." आवाज चढला नव्हता. पण नंतर तिनं नळ बराच वेळ सोडून ठेवला होता. डाळीच्या पिठाचा डबा उघडल्याचा आवाज त्यानंतर मला आलेला नाही.

सोमवारी अबेनाचा फोन आला. हो म्हणाली. मग सह्या करायला स्वतः आली. सपाता घातल्याचा आवाज झाला आणि मग बराच वेळ कसलाच नाही. ती माझ्यासमोर उभी होती, म्हणजे फोटोसमोर.

"काढलंत?"

"काढलं," विभावरी म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण त्या एका शब्दाआधी ती जेवढी थांबली, तेवढं खरं बोलणारा माणूस थांबत नाही. अबेनाला ते ऐकू आलं असेल, असं मला वाटतं. ती एवढंच म्हणाली, "छान आलाय फोटो." मग कागद वाजले, पेन वाजलं.

आता रोज सकाळी दाराशी गडबड असते. टोपी, मोजे, एक मोजा सापडत नाही. विभावरी ईप्सिताला कडेवर घेऊन फ्रेमसमोर थांबते, "ही कोण गं?" विचारते आणि दार लागतं. मग घर शांत होतं, मला शांतताच बरी. अबेनाकडेच एका दुपारी ईप्सितानं पहिलं पाऊल टाकलं, असं मी ऐकलं.

ईप्सिता, हे तुझ्यासाठी सांगतोय. फ्रेम कधीतरी पडेल. किंवा फोटो लहानपणीचा झाला म्हणून तू बदलायला घेशील आणि मागून मी निघेन. घाबरू नकोस. आधी झगा बघ, तो खरा आहे, तुझ्या आजीनंही आधी तोच बघितला होता. मग तोंड बघ. ते कुणाचंही नाही. तुझं नाही, अबेनाचं नाही, कुणा बाईचं कधी नव्हतं. खालची ओळ वाचता आली नाही तर अबेनाकडून वाचून घे, तिला लागतात ती अक्षरं. मग मला फाड, नाहीतर जिथे असले कागद खणात ठेवून त्यांच्याखाली दोन खऱ्या ओळी लिहितात अशा संग्रहालयात दे. मला दोन्ही सारखंच. फक्त पुन्हा कुठे टांगू नकोस.

आणि आईला विचार, मला मागे का ठेवलं होतं. ती म्हणेल, फोटो नीट बसावा म्हणून. तेवढं तिला म्हणू दे.